कानाने प्रूफ तपासताना: प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

२ जून, रविवार

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवल्यात. मागच्या पुस्तकाच्या वेळी कुठला भाग परत वाचायचा ठरला होता, कोण काय म्हणालं होतं, कुणाला काही आठवेना आणि मग ग्रुपवर तीन दिवस नुसती धुसफूस. आता फोनमध्ये बोलून लिहितोय, टायपिंगच्या चुका मशीनच्या नावावर.

काम असं आहे, नजर नसलेल्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. मिरजेत सतारमेकर गल्लीत आत्याचं घर, तिथली माडीवरची खोली म्हणजे आमचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे दोन गाद्या भिंतीला उभ्या टेकवलेल्या, एक कपाट साड्यांनी भरलेलं आणि एक माइक. वाचणारे चौघं: रिटायर झालेल्या मराठीच्या बाई, बँकेतले काका, गल्लीतली वहिनी आणि कॉलेजची एक पोरगी. कापाकापी करायला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा, आवाज कापायचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी त्याला तोंडपाठ. आणि मी. मी वाचत नाही, नववीत असताना माझी नजर गेली. मी ऐकतो आणि चुका काढतो, म्हणून मला सगळे प्रूफवाले म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात ते पण मला ऐकू येतं.

यंदा चार पुस्तकं. सभासद बखर, गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. इतिहास दोन, राजकारण एक, कादंबरी एक. बाई म्हणाल्या चारही जुनी, नवं काहीच नाही का? नव्याला लेखकाची परवानगी लागते, जुन्याला लागत नाही, लेखक जाऊन साठ वर्षं झाली की पुस्तक सगळ्यांचं. खरं कारण वेगळं आहे, मला ही चार पुस्तकं धड आवाजात ऐकायची आहेत आणि मी मरायच्या आत कुणी करेल असं वाटत नव्हतं.

माझा नियम मी पहिल्याच दिवशी सांगून टाकला. नाटक नको. माझ्या आधी रडू नका, माझ्या आधी हसू नका. पुस्तक माझ्यापर्यंत पोचवा आणि बाजूला व्हा.

९ जून, रविवार

सभासदाच्या बखरीचे पहिले दोन भाग आले. वाचणारे बँकेतले काका. आवाज खणखणीत, पण त्यांनी सुरुवातच अशी केली की जणू शिवजयंतीचं सूत्रसंचालन. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "महाराजांनी" आला की टाळ्यांसाठी थांबल्यासारखं थांबतात.

मी म्हणलं काका, कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातला माणूस, महाराज गेल्यावर जिंजीला राजाराम महाराजांनी सांगितलं म्हणून त्यानं हे लिहिलं, १६९७ च्या सुमारास. तिकडं मोगलांचा वेढा आणि हा बसून सांगतोय की थोरल्या महाराजांनी काय काय केलं. त्याला ओरडायची गरजच नाही, समोर ऐकणारा महाराजांचा मुलगाच आहे. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले असं कुणी सांगितलंच नाही मला, मला वाटलं जोशात वाचायचंय.

काकांची काय चूक म्हणा. पैसे भरून घेतलेल्या एका अ‍ॅपवर मी मागच्या वर्षी शिवकाळावरचं एक ऐकलं होतं, त्यात दर दोन मिनिटाला तलवारी, घोडे आणि तुतारी. घोडे इतके की शेवटी कोण कुठं निघालंय तेच कळेना. त्याचाच कान झालाय सगळ्यांचा.

१६ जून, रविवार

आज पकडलं. काकांनी यादी खाल्ली.

बखरीत शेवटाकडं महाराजांच्या कोठाराची, खजिन्याची, गडांची लांबलचक यादी आहे, हे इतकं ते तितकं. काकांनी मधलं सगळं सोडून सरळ पुढच्या परिच्छेदावर उडी मारली, आवाज पण न बदलता. मी याआधी ब्रेलमध्ये वाचलेलं म्हणून सापडलं, नाहीतर कुणालाच कळलं नसतं. विचारलं तर म्हणाले अहो कोण ऐकणार एवढं, कंटाळा येईल लोकांना.

कंटाळा यायचा की नाही हे मी ठरवणार ना? डोळसाला यादी दिसते, तो तिच्यावरनं नजर फिरवून पुढं जातो पण त्याला कळतं की इथं यादी होती, केवढी होती, पान भरून होती. मला वगळलेली यादी म्हणजे नसलेली यादी. आणि ती नुसती यादी थोडीच आहे, एका माणसानं उभ्या केलेल्या राज्याची मोजदाद आहे ती, सभासद जणू किल्ल्यांच्या किल्ल्या राजारामाच्या हातात मोजून देतोय. सावकाश, एकेक नग, वाण्याकडनं सामान मोजून घेतात तसं वाचा म्हणलं.

काकांनी परत वाचली. सात मिनिटं झाली. मी सहसा सगळं सव्वादोन पट वेगानं ऐकतो, सवय आहे, स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, ई-स्पीक आवाज तर मी याहून पळवतो, बाजूच्याला ते मधमाशा घोंगावल्यासारखं वाटतं. यादी मात्र दीड पटावर ऐकली.

२३ जून, रविवार

आवाजाचं गाऱ्हाणं. शेजारी तंबोरे होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला यंदाच जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का, मिळालाय, गल्ली खुशीत आहे, पण जवारी (तारेची गुंज) लावताना ते दिवसभर एकच तार छेडत बसतात आणि ती बारीक गुंजन गादीतनं पण आत येते. पोरग्यानं नॉइज रिडक्शन मारलं तर तंबोरा गेला पण काकांच्या आवाजातला खर्ज पण गेला, काका पाण्याच्या टाकीतनं बोलल्यासारखे. पाठीमागची शांतता उणे साठ डेसिबलच्या खाली पाहिजे हा व्यावसायिक लोकांचा हिशोब, तो मिरजेत पहाटे चार ते साडेपाचच जमतो, जंक्शनवर गाडीनं हॉर्न दिला नाही तर.

गंमत म्हणजे वहिनी नकळत तंबोऱ्याच्या सुरातच वाचते. तिला सांगितलं नाही.

१४ जुलै, रविवार

'माझा प्रवास' सुरू, १८५७ च्या बंडात सापडलेल्या भटजींची हकीकत. आधी प्रत कुठली घ्यायची यावर अर्धा दिवस गेला. गोडसे भटजींचं लिखाण पहिल्यांदा १९०७ ला चिंतामणराव वैद्यांनी छापलं, पण त्यांनी हात फिरवून, काटछाट करून छापलं. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला काढला. बाई वैद्यांच्या बाजूनं, म्हणे भाषा नीट आहे, विरामचिन्हं आहेत, वाचायला सोपं. मी मूळ मजकुराच्या बाजूनं. मला भटजी पाहिजे, भटजीला इस्त्री केलेला नको.

मूळ घेतला. पण ही आवृत्ती अलीकडची, म्हणून कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ५२ मध्ये जी सवलत आली, की छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी पुस्तक दुसऱ्या रूपात करता येतं, तिच्यात हे रेकॉर्डिंग बसवलंय. म्हणजे हे फक्त आमच्या सभासदांना, बाहेर फिरवायचं नाही. हे सगळ्यांना तीनदा सांगितलं.

मूळ मजकुरात अडचण ही की वाक्य संपतच नाही. वरसईहून निघालेला माणूस मध्येच जेवण सांगतो, दक्षिणा किती मिळाली ते सांगतो, मग बंडवाल्या शिपायांची गाठ पडते, सगळं एका दमात. बाईंचा दम पुरेना. कुठं तोडायचं? मी म्हणलं तुमच्या माहेरी कुणी म्हातारं माणूस गोष्ट सांगताना कुठं थांबायचं ते आठवा. तर म्हणाल्या आमचे आजोबा सुपारी कातरायला थांबायचे. मग तसंच करा म्हणलं. आणि खरंच जमलं! थांबे असे पडतात की माणूस विचार करून पुढचं सांगतोय.

२८ जुलै, रविवार

पाऊस, कृष्णेचं पाणी वाढतंय, सांगलीकडची सगळी माणसं फोनला चिकटलेली. २०१९ च्या महापुरानंतर जुलैअखेर म्हणलं की इथं कुणाचं कामात लक्ष राहत नाही. रेकॉर्डिंग बंद. गाद्या खालच्या मजल्यावरच्या आत्याच्या भाडेकरूंना दिल्या.

४ ऑगस्ट, रविवार

विहिरीजवळचा प्रसंग. सगळ्यात मोठं भांडण यावरच होणार हे मला माहीत होतं.

झाशी पडल्यावर भटजी काल्पीकडं निघालेत, एका विहिरीवर राणी लक्ष्मीबाई भेटते, दमलेली, तहानलेली, बरोबर चारदोन स्वार. भटजी पाणी काढून द्यायला जातात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि ते वाक्य, की मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला विधवेला या उद्योगाची काय जरूर होती. शाळेत असताना सरांनी हे वाचून दाखवलेलं, तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

बाईंनी भटजी बाजूला ठेवले आणि राणी झाल्या. आवाज उंच, कापरा, शेवटी हुंदका. पोरग्यानं तर वरनं घोड्याचं खिंकाळणं टाकलं, म्हणे सँपल म्हणून. ऐकून मला रागच आला, आणि राग आल्यावर मी जरा वाईट बोलतो. म्हणलं बाई, राणीचा आवाज आपल्याकडं नाहीच आहे. आपल्याकडं आहे तो एका कोकणातल्या भिक्षुकाचा आवाज, जो घरचं कर्ज फेडायला चार पैसे मिळवायला निघाला आणि बंडात सापडला, ज्याचं सगळं लुटलं गेलं, आणि जो पुष्कळ वर्षांनी आठवून सांगतोय की बाईसाहेब मला असं म्हणाल्या. ती ते वाक्य आपल्याला म्हणत नाहीये. ती त्याला म्हणाली. तो आपल्याला सांगतोय. ही मधली पायरी तुम्ही खाल्लीत की इतिहासाचं सिरियल झालं.

बाई म्हणाल्या चाळीस वर्षं शिकवलंय मी हे. खालती निघून गेल्या, चहा पण घेतला नाही.

११ ऑगस्ट, रविवार

बाई आल्या. काही न बोलता प्रसंग परत वाचला. या वेळी हुंदका नाही, घोडा नाही, भटजींच्याच सुरात. पाणी काढलं, ओंजळीनं प्यायली. त्या साधेपणानं विहीर एकदम जवळ आली, मडक्याची ओल पण कळली.

मी छान झालंय म्हणालो. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण तू म्हणतोस म्हणून नाही, मी घरी मोठ्यानं दोन्ही तऱ्हांनी वाचून बघितलं." बाईंचा हा स्वभाव मला आवडतो.

२५ ऑगस्ट, रविवार

काकांनी माझा प्रवासचे दोन भाग त्यांच्या साडूंच्या फॅमिली ग्रुपवर टाकले. "आमच्या मिरजेचं काम" म्हणून. तीनदा सांगून! डिलीट करायला लावलं, दोन जणांनी डाउनलोड केलंच होतं, त्यांना फोन केले. काका बिचारे ओशाळले. लोकांना वाटतं ऐकायचं पुस्तक म्हणजे गाण्यासारखं, फॉरवर्ड करायची वस्तू.

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. आता अनंत चतुर्दशीपर्यंत रेकॉर्डिंगचं नाव काढायचं नाही, आणि मिरजेची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. तेवढ्यात मी तयार झालेल्यात मथळ्यांच्या खुणा घालून घेतोय. डेझी या बोलक्या पुस्तकांच्या फॉरमॅटचा हाच फायदा, ऐकणारा प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारू शकतो. नुसत्या एमपीथ्रीत अकरा तासांची एकच नदी, हवा तो घाट सापडत नाही.

याच निमित्तानं तळटिपांचा निकाल लावला. आधी वाक्याच्या मध्येच टीप वाचत होते, त्याच आवाजात, त्यामुळं भटजी बोलताबोलता अचानक "पाहा पृष्ठ अमुक" म्हणायचे. आता टीप परिच्छेदाच्या शेवटी, आणि ती वाचणार काका. आवाज बदलला की कानाला कळतं हा भटजी नव्हे, हा संपादक.

२२ सप्टेंबर, रविवार

ऐकणाऱ्यांचे अभिप्राय आले, आमच्या सभासदांपैकी पाच जणांचे, आणि पाचही एकमेकांच्या उलट. एक एमपीएससीवाला, तो तिप्पट वेगानं ऐकतो, त्याला भावना बिलकुल नकोत, थांबे पण नकोत. एक आजी, मधुमेहानं नजर गेलेली, तिला इतिहास नकोच, गोष्ट पाहिजे, रात्री झोपताना लावते आणि दहा मिनिटांत झोपते, म्हणून तिला एकच प्रकरण महिनाभर पुरतं. तिचं म्हणणं बाईंचा आवाज फार चांगला, "बाळा, तिला सांग असंच सावकाश वाच."

एमपीएससीवाल्यानं मात्र डोळे उघडले माझे (हे आपलं बोलायची पद्धत). आम्ही दोन वर्षांमागं हरिभाऊंची उषःकाल केली होती, शिवकाळावरची कादंबरी. त्यानं त्यातल्या एका पात्राचं नाव इतिहासाच्या नोट्समध्ये लिहून ठेवलं होतं! त्याला वाटलं खरा सरदार. मी आधी हसलो, मग विचार केला की त्याची काय चूक. छापील पुस्तकाला मुखपृष्ठ असतं, हातात धरलं की आधी दिसतं कादंबरी. कानाला मुखपृष्ठ नाही. त्याला कुणीतरी चौदावा भाग पाठवला, तो तिथून ऐकायला लागला, आणि आमचे काका तर कादंबरी पण बखरीच्याच आवाजात वाचतात. तर आता प्रत्येक भागाच्या आधी सांगायचं ठरलं: ही कादंबरी आहे, किंवा ही बखर आहे, अमक्या साली लिहिलेली. पाच सेकंदांचं काम. उषःकालच्या जुन्या भागांना पण लावायचंय, पोरगा कुरकुरला पण करतो म्हणाला.

शिवकाळाच्या बाबतीत आपल्या लोकांना कादंबरी आणि इतिहास यातली रेघ आधीच पुसट, त्यात ऐकायचं माध्यम आलं की उरलीसुरली पण जाते. चांगल्या आवाजात सांगितलेली गोष्ट खरीच वाटते, कीर्तनकाराला हे कधीपासून माहीत आहे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मराठीला अभिजात दर्जा मिळाला, ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, ते मला काय दिसणार. कुणी पेढे आणले नाहीत.

'पण लक्षात कोण घेतो' सुरू केलंय. करमणूक साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आलेली कादंबरी, सगळी यमूच्या तोंडून. सगळ्यांचं एकमत की कॉलेजच्या पोरीनं वाचावी, कारण यमू लहान आहे. मला पण पटलं. दोन प्रकरणं वाचली तिनं, गोड वाचली, भातुकलीचा खेळ वगैरे एकदम मस्त.

१३ ऑक्टोबर, रविवार

नाही, चुकलं आमचं. चार प्रकरणं ऐकल्यावर काहीतरी टोचत होतं, आज कळलं काय ते. यमू लहान आहे खरी, पण गोष्ट लहान यमू सांगत नाही. सगळं भोगून झालेली, केशवपनापर्यंत जाऊन आलेली बाई मागं वळून सांगतेय की आम्ही असे खेळायचो. पोरगी वाचते तेव्हा तो खेळ नुसता खेळ राहतो. पुढं काय होणार हे त्या आवाजाला माहीतच नाही.

हे पोरीला सांगायचं कसं हा प्रश्न होता, तर तीच म्हणाली दादा, मला पण वाटत होतं मी खोटं बोलतेय. वहिनीला द्यायचं ठरलं. वहिनीनं आजवर फक्त सूची वाचल्यात.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. फटाके. तरी वहिनी भाऊबीजेच्या फराळाआधी पहाटे साडेचारला बसली आणि दोन तुकडे करून गेली.

वहिनी कशी वाचते ते लिहून ठेवतो, कारण मला ते नीट सांगता येत नाही. ती स्वयंपाक करताना बोलल्यासारखं वाचते. सासूचं बोलणं, नवऱ्याचं बोलणं, आवाज बदलत नाही, पण कोण बोलतंय ते बरोबर कळतं, नुसत्या वेगावरनं. सासू जरा घाईत, शंकरमामंजी सावकाश, जिभेवर घोळवत. एकाच आवाजात वीस माणसं. पाच-पाच कलाकार घेऊन केलेली ऑडिओबुकं मी ऐकलीत, तिथं प्रत्येक जण आपापल्या घरी बसून रेकॉर्ड करतो आणि मग ऐकताना कळतं की ही माणसं एका खोलीत नाहीतच, एक बोलतो तो गादीच्या खोलीतनं, दुसरा बाथरूममधनं.

१० नोव्हेंबर, रविवार

निवडणूक. २० तारखेला मतदान, गल्लीतनं दर पंधरा मिनिटाला रिक्षा, गाणी, घोषणा. आणि आम्ही नेमका या आठवड्यात शेतकऱ्याचा असूड धरलाय. पोरगा म्हणाला पाठीमागचा आवाज कापू नकोया, शोभतोय.

असूडाच्या उपोद्घातातच एक गोष्ट आहे ती वाचून मी सगळ्यांना थांबवलं. जोतीराव लिहितात की हा ग्रंथ तयार होत गेला तसतसा ठिकठिकाणी वाचून दाखवला, पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर. आणि सयाजीराव गायकवाडांनी स्वतः जोतीरावांकडून वाचवून घेऊन सगळा ऐकला. १८८३ चं हे. छापायची वेळ आली तर दोनच प्रकरणं दीनबंधू या पत्रात आली आणि पुढं गाडी अडली, पण लोकांनी ते कानानं आधीच घेतलं होतं. म्हणजे हे पुस्तक आधी ऐकलं गेलं, मग वाचलं गेलं. आणि मी बसलोय नाटक नको, नाटक नको करत.

तर असूड कसा वाचायचा? काकांनी सभासदासारखा वाचला, शांत, माझ्याच नियमानं. मेलेला वाटला. आकडे, पट्ट्या, फंड, कुळकर्णी, सगळं ऑडिट रिपोर्टसारखं. जोतीराव चिडलेले आहेत, टोमणे मारतायत, मध्येच थट्टा करतायत, समोर ओतूरची माणसं बसलीयत. तिथं वाचणारा बाजूला झाला तर उरतंच काय.

१७ नोव्हेंबर, रविवार

चौथ्या प्रकरणात एक शेतकरी कलेक्टरच्या तंबूकडून घराकडं चाललाय, लांब लांब टांगा टाकत, मनाशीच पुटपुटत. आधी त्याच्या अंगावरच्या कपड्यांचं बारीक वर्णन, मग ती पुटपुट. आज काकांना म्हणलं, इथं माझा नियम विसरा. काकांनी विचारलं म्हणजे? म्हणलं पुटपुटा. उद्या तुमच्या बँकेच्या दारातनं कर्ज नाकारून परत पाठवलेला माणूस जिना उतरताना जे बोलतो ते तुम्ही तीस वर्षं ऐकलंय, तसं.

काकांनी डोळ्यावरचा चष्मा काढून ठेवल्याचा आवाज आला. मग वाचलं. काका मूळचे आटपाडीचे, दुष्काळी भागातले, तो आवाज आजवर कुठं ठेवला होता त्यांनी काय माहीत. पोरगा कापायचं विसरून नुसता बसून राहिला.

आणखी एक, उच्चाराचं. जात. माणसाची जात म्हणताना ज तालव्य (जीभ टाळूला), "तो जात आहे" म्हणताना ज दंतमूलीय (जीभ दातांच्या मुळाशी), लिहिताना दोन्ही सारखंच. स्क्रीन रीडर दोन्ही एकच वाचतो. जी जात नाही ती जात, हे वाक्य मशीनकडनं ऐकून बघा, त्यातली सगळी चपराक जाते. काकांचे तीन ठिकाणी घसरलेत, तेवढे परत घ्यायचे.

२४ नोव्हेंबर, रविवार

निकाल काल लागला, गुलाल, डीजे. रेकॉर्डिंग नाही. निकालावर ग्रुपमध्ये कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं, सात मिनिटं टिकलं.

८ डिसेंबर, रविवार

हातात दोन महिन्यांचं काम होतं ते संपत आलंय म्हणून बाईंनी ताराबाई शिंद्यांची स्त्रीपुरुषतुलना मध्येच घुसवली, १८८२ ची, छोटीच आहे. बुलढाण्याच्या बाईनं सुरतेच्या खटल्यावरनं चिडून लिहिलेली. कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायची? काका म्हणाले सामाजिक. पोरगी म्हणाली राजकारण. मी पोरीच्या बाजूनं. वाचली पण तिनंच, एका बैठकीत, आणि काय वाचली! यमूला जो आवाज कच्चा पडत होता तोच इथं बरोबर बसला. एका ठिकाणी तिला स्वतःलाच हसू फुटलंय, वाक्याच्या मध्ये. पोरग्यानं विचारलं कापू का.

ठेव म्हणलं. माझ्या आधी हसली तर हसली.

बाईंनी खोकल्याचं नाटक केलं. मला कळलं ते.

२२ डिसेंबर, रविवार

यमूचं केशवपनाचं प्रकरण आलं. वडापमध्ये (शेअर गाडीत) सांगलीला जाताना लावलं, इअरफोनवर, नेहमीच्या सव्वादोन पटावर. वहिनीनं ते अगदी त्याच चालीत वाचलंय ज्या चालीत मागं हळदीकुंकवाचं वाचलं होतं. ना हळू, ना जोरात. दोनेक मिनिटं ऐकलं आणि मग वेग एकावर आणला. मी एकावर काहीच ऐकत नाही, अगदी बातम्या पण नाही. सगळं प्रकरण एकावर ऐकलं.

अभिप्रायात मी लिहिलं: चुका नाहीत. एके ठिकाणी पान उलटल्याचा आवाज, राहू दे.

वहिनीचा रिप्लाय आला, "भावोजी, तेविसाव्या मिनिटाला गाडीचा हॉर्न आहे तो नाही का सापडला?" परत लावून ऐकलं. आहे, चांगला लांब हॉर्न आहे, पंढरपूरकडच्या गाडीचा असावा. पोरग्याला सांगितलंय, मंगळवारी पहाटे चारला तेवढी चार वाक्यं परत घ्यायची, किल्ली आत्याकडं आहे.